मावशीच्या जुन्या कर्जावरचा पीपीआय (कर्जाच्या हप्त्यांचा विमा): परतावा मागितला तर बेनिफिट्स बंद होतील का?

भाचा_लेस्टर | १८ मे २०१९

मावशी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. वय ६१, काका २०१५ मध्ये गेले, आता एकटीच आहे. इन्कम-रिलेटेड ईएसए (आजारपणामुळे काम न करू शकणाऱ्यांचा, उत्पन्न-बचत बघून मिळणारा भत्ता; ती सपोर्ट ग्रुपमध्ये आहे), हाउसिंग बेनिफिट (भाड्यासाठीची मदत), कौन्सिल टॅक्समध्ये (स्थानिक घरकरात) सवलत आणि पिप (अपंगत्वाचा भत्ता), एवढं तिला मिळतं. बचत साधारण ४,२०० पौंड.

तिच्या कपाटात २००४ चा पर्सनल लोनचा करार सापडला. त्यावर असं लिहिलंय:

रोख कर्ज ६,००० पौंड
पेमेंट प्रोटेक्शन प्रीमियम १,५०० पौंड
एकूण कर्ज ७,५०० पौंड
६० हप्ते, दरमहा १६६.८३ पौंड, एपीआर १२.७%

विम्याच्या रकान्यात 'हो' पुढे छापील फुली आहे, हाताने केलेली नाही. खाली मावशीची एकच सही. पहिला हप्ता जुलै २००४, शेवटचा जून २००९. सगळे हप्ते भरले, कर्ज बंद झालं.

तेव्हा ती शाळेच्या किचनमध्ये आठवड्याला १२ तास काम करायची. मधुमेह १९९९ पासून, पाठीचा त्रासही आधीपासूनचा. २००६ मध्ये पाठीमुळेच काम सुटलं. विमा आहे हेच माहीत नव्हतं, त्यामुळे क्लेम केला नाही, हप्ते काका भरत राहिले.

प्रश्न असे:
१. चुकीने विकलेल्या पीपीआयचे पैसे बँकेकडे परत मागायची शेवटची तारीख २९ ऑगस्ट म्हणतात. पंधरा वर्षांपूर्वीचं प्रकरण अजून चालेल का?
२. मावशीचं इंग्रजी जेमतेम. तिच्या वतीने मला बोलता येईल का? पॉवर ऑफ अटर्नी करावी लागेल का? डीडब्ल्यूपीकडे (बेनिफिट्स देणारं सरकारी खातं) मी तिचा अपॉइंटी आहे, म्हणजे तिच्या वतीने बेनिफिट्सचे व्यवहार बघतो.
३. पैसे आले तर बेनिफिट्स बंद होतील का? मावशीला हीच धास्ती आहे. 'नकोच ते पैसे' म्हणते.
४. एका कंपनीचा रोज फोन येतो, 'आम्ही सगळं करून देतो' म्हणून. त्यांना द्यावं का?

---

पावती_जपून | १८ मे २०१९

करार हाताशी आहे, हे फार बरं झालं. बहुतेकांकडे पीपीआय होता की नव्हता इथूनच सुरुवात असते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: चालेल. कर्ज संपून दहा वर्षं झाली म्हणून बँक तक्रार नाकारू शकत नाही. तक्रार बँकेकडे २९ ऑगस्ट २०१९ पर्यंत पोहोचायला हवी, एवढीच अट. टीव्हीवरच्या जाहिरातीत ते श्वार्झनेगरचं डोकं दोन वर्षं ओरडतंय ते याच तारखेसाठी.

अधिकाराचं बघू. अपॉइंटी ही नेमणूक फक्त डीडब्ल्यूपीच्या बेनिफिट्सपुरती असते. बँकेपुढे किंवा ओम्बड्समनपुढे (बँकांविरुद्धच्या तक्रारींवर निर्णय देणारी स्वतंत्र संस्था) ती चालत नाही, आणि इथे बरेच जण अडकतात: भाच्याने सही करून तक्रार पाठवली, बँकेने 'ग्राहकाची सही नाही' म्हणून परत केली, महिना गेला. मावशीला व्यवहार समजतो, फक्त भाषा अडते, असं असेल तर पॉवर ऑफ अटर्नीची गरज नाही. तिच्या सहीचं एका पानाचं अधिकारपत्र पुरे. त्यात तिचं नाव, जन्मतारीख, पत्ता, तुमचं नाव, पत्ता, आणि 'या तक्रारीबाबत माझ्या भाच्याशी बोलावं, पत्रं त्याला पाठवावीत' एवढं. पैसे मात्र तिच्याच खात्यात मागा. तक्रारीच्या फॉर्मवरही सही तिचीच. (तिला व्यवहारच समजत नसता तर गोष्ट वेगळी, मग लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी किंवा कोर्ट ऑफ प्रोटेक्शन. इथे तो प्रश्न दिसत नाही.)

आता तक्रार. विमा ज्याने विकला त्याच्याकडे करायची, म्हणजे बँकेकडे, विमा कंपनीकडे नाही. ओम्बड्समनच्या वेबसाइटवर पीपीआयचा कंझ्युमर क्वेश्चनेअर (ग्राहकाने भरायची प्रश्नावली) आहे, तोच भरा. लांबलचक आहे, पण बँकेला जे विचारायचं असतं ते सगळं त्यात येतं, आणि पुढे प्रकरण ओम्बड्समनकडे गेलं तर पुन्हा लिहावं लागत नाही. करार क्रमांक, १९९९ पासूनचे सगळे पत्ते आणि नावाची सगळी रूपं लिहा. आपल्या लोकांचं घोडं नेमकं इथे अडतं. आडनावाचं स्पेलिंग तीन तऱ्हांचं, मधलं नाव कधी नवऱ्याचं तर कधी वडिलांचं, आणि एखाद्या जुन्या कागदावर नवऱ्याचं नावच आडनावाच्या जागी. बँकेचा संगणक एका स्पेलिंगवर शोधतो आणि 'पीपीआय आढळला नाही' असं पत्र येतं. करारावर जसं छापलंय तसं अक्षरशः एकदा, पासपोर्टवर आहे तसं एकदा, असं द्या.

कारणं लिहिताना नेटवरचा तयार मजकूर उतरवू नका. तो बँकेला पाठ असतो आणि त्यात हमखास तुमच्या प्रकरणाला लागू नसलेली दोन वाक्यं असतात. मावशीच्या बाबतीत खरी आणि ठोस कारणं चार दिसतात:

कामाचे तास. बहुतेक पॉलिसींत आठवड्याला १६ तासांपेक्षा कमी काम करणारा पात्रच नसे. १२ तास म्हणजे हा विमा तिच्या उपयोगाचाच नव्हता. हे एकच कारण वजनदार आहे. तेव्हाची पगाराची स्लिप किंवा पी६० (वर्षाच्या पगाराचा आणि कराचा दाखला) मिळाली तर जोडा.

आधीचा आजार. आधीपासून असलेल्या आजारामुळे काम सुटलं तर पॉलिसी पैसे देत नसे. विकताना तब्येतीबद्दल विचारलं होतं का? नसेल तर तसं लिहा. जीपीकडून (फॅमिली डॉक्टर) मधुमेहाच्या आणि पाठीच्या पहिल्या नोंदीचं प्रिंटआउट घ्या, डेटा प्रोटेक्शनखाली ते फुकट मिळतं.

एकरकमी प्रीमियम. १,५०० पौंड सुरुवातीलाच कर्जात मिसळले आणि त्यावरही व्याज लागलं. ते समजावून सांगितलं होतं का?

छापील फुली. 'विमा घेणार का' असं विचारलंच नाही, फॉर्म भरूनच पुढे केला, हे दाखवणारा हा कागद आहे. फोटोकॉपी पाठवा, मूळ प्रत कुठल्याही परिस्थितीत देऊ नका.

मावशीला आठवत नसेल ते 'आठवत नाही' असंच लिहा. 'विम्याशिवाय कर्ज मिळणार नाही असं सांगितलं' हे वाक्य लोक सवयीने टाकतात. तसं झालं नसेल तर टाकू नका. एक गोष्ट खोटी पडली की बाकीच्यांवरही शंका येते.

बँकेला उत्तराला आठ आठवडे असतात. नकार आला, किंवा आठ आठवड्यांत काहीच आलं नाही, तर ओम्बड्समनकडे जायचं. अंतिम उत्तराच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत. ते फुकट आहे, आणि फोनवर दुभाषी मागता येतो.

---

सरळ_मार्ग | १९ मे २०१९

एवढा खटाटोप कशाला? कंपनीला द्या, 'नो विन नो फी' असते. तुमचा वेळ वाचेल.

---

पौंड_पेन्स | १९ मे २०१९

@सरळ_मार्ग, कंपनी करते ते काम म्हणजे हाच क्वेश्चनेअर भरणं आणि मावशीकडून त्यावर सही घेणं. माहिती तीही मावशीलाच विचारणार. गेल्या जुलैपासून (२०१८) त्यांच्या फीवर २०% अधिक व्हॅट अशी मर्यादा आली आहे, म्हणजे एकूण २४%. तो आकडा किती होतो ते आधी बघू.

१६६.८३ पैकी विम्याचा वाटा दरमहा ३३.३७ पौंड (१,५०० वर महिना १ टक्का व्याजाने ६० हप्ते). साठ हप्त्यांत २,००२ पौंड. म्हणजे १,५०० चा विमा २,००२ ला पडला. हे सगळे परत मिळायला हवेत, नुसते १,५०० नाहीत.

त्यावर वर्षाला ८% सरळव्याज, प्रत्येक हप्ता भरल्याच्या दिवसापासून परतावा मिळेपर्यंत. हप्त्यांचा मध्य डिसेंबर २००६ येतो. तिथून जुलै २०१९ धरला तर साडेबारा वर्षं, म्हणजे जवळपास १००%. व्याज साधारण २,००८ पौंड.

एकूण ४,०१०. व्याजावर बँक २०% कर कापते, म्हणजे ४०२ पौंड. हातात ३,६०८.

याचे २४% म्हणजे ८६६ पौंड. एका फॉर्मचे. आणि बँकेने परताव्यातून जुनी थकबाकी वळती केली तर हातात एक पेनी न येताही कंपनी फी मागते. मावशीला थकबाकी नाही म्हणून हा धोका नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला असेल. फोनवर काही कबूल केलं असेल तर १४ दिवसांत करार रद्द करता येतो.

आता एक सापळा सांगतो. बँक कधीकधी 'विक्री चुकीची नव्हती' म्हणते, पण सोबत एक रक्कम देऊ करते. हा प्लेव्हिनचा परतावा. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने प्लेव्हिन विरुद्ध पॅरागॉन या खटल्यात निकाल दिला: प्रीमियमचा ७१.८% भाग कमिशन होता आणि ग्राहकाला ते सांगितलं नाही, म्हणून कर्ज देणारा आणि ग्राहक यांच्यातला संबंध अन्याय्य. त्यावरून एफसीएने (बँकांवर देखरेख ठेवणारी संस्था) नियम केला की कमिशन ५०% पेक्षा जास्त असेल तर वरचा भाग परत करायचा. कर्ज ६ एप्रिल २००८ ला किंवा त्यानंतर चालू असायला हवं. मावशीचं होतं.

ऐकायला बरं वाटतं, पण हिशोब करा. समजा कमिशन ६७% होतं. जास्तीचं १७%. २,००२ चे १७% म्हणजे ३४०, त्यावर ८% चं तेवढंच व्याज, करापूर्वी ६८० च्या आसपास. ४,०१० कुठे आणि ६८० कुठे! पत्रावर 'कमिशन', 'अनफेअर रिलेशनशिप' असे शब्द दिसले की समजा मूळ तक्रार फेटाळली आहे. ती रक्कम आली म्हणून हायसं वाटून गप्प बसू नका, मूळ नकाराविरुद्ध ओम्बड्समनकडे जा. १२ तासांचा मुद्दा कागदाने सिद्ध होत असेल तर ६८० वर समाधान मानण्याचं कारणच नाही.

---

भाचा_लेस्टर | २१ मे २०१९

खूप आभार. दोन गोष्टी राहिल्या.

एक: बँकेला फोन केला तर म्हणाले, आधी सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट (बँकेकडची आपली माहिती मागणारा अर्ज) करा, सगळे कागद येतील, मग तक्रार करा. तसं करू का?

दुसरं: काकांच्या क्रेडिट कार्डाची स्टेटमेंट्सही सापडली, त्याच बँकेची. दर महिन्याला 'पेमेंट कव्हर' म्हणून ओळ आहे, शिलकीच्या प्रत्येक १०० पौंडांना ७९ पेन्स. हाही पीपीआयच का? काका नाहीत, मग कोण मागणार?

---

पावती_जपून | २१ मे २०१९

कागदांची वाट बघू नका. सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट म्हणजे तक्रार नव्हे, आणि 'माझा पीपीआय होता का' ही चौकशीही तक्रार नव्हे. महिना त्यात गेला, कागद अर्धवट आले, पुन्हा मागवले, असं करत ऑगस्ट उजाडतो आणि नोंदवलेली तक्रार शून्य. तुमच्याकडे करारच आहे, तक्रार आज करा. रिक्वेस्ट हवी तर सोबत टाका (आता फी नाही). फोनवर बोललात तर रेफरन्स नंबर आणि तारीख लिहून ठेवा, आणि 'मी चौकशी करत नाही, तक्रार नोंदवतोय' हे स्पष्ट शब्दांत सांगा.

कार्डावरचं 'पेमेंट कव्हर' हा पीपीआयच. नावं अनेक: लोन प्रोटेक्शन, पेमेंट कव्हर, अॅक्सिडेंट-सिकनेस-अनएम्प्लॉयमेंट. पण 'कार्ड प्रोटेक्शन' म्हणजे कार्ड चोरीला गेल्यावरचं संरक्षण, ते वेगळं, त्यात घोळ घालू नका.

काकांच्या वतीने मृत्युपत्राचा एक्झिक्युटर (मृत्युपत्र अमलात आणणारा) तक्रार करतो. मृत्युपत्र नसेल तर वारसदार म्हणून मावशी, मृत्यूचा दाखला जोडून. रक्कम मोठी असेल तर बँक लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन (इस्टेट सांभाळायचं कोर्टाचं अधिकारपत्र) मागू शकते. ही तक्रार वेगळी. एकाच पाकिटात दोन्ही घातल्या तर बँक एकच नोंदवते आणि दुसरी हरवते, म्हणून दोन पाकिटं, दोन रेफरन्स नंबर.

काकांच्या बाबतीत वरची कारणं जशीच्या तशी लावू नका. ते पूर्णवेळ नोकरीत असतील तर १६ तासांचा मुद्दा नाही. नोकरीतून किती महिने पगारी आजारपणाची रजा मिळायची, कार्ड घेताना विमा मागितला होता का, हे बघा. सही करणारा माणूस नसताना पुरावा म्हणजे फक्त कागद, त्यामुळे या तक्रारीत अपेक्षा जरा बेताची ठेवा.

---

बेनिफिट_वही | २२ मे २०१९

तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, आणि मावशी अडून बसलीय ती त्याच्यावरच.

पीपीआयचा परतावा, त्यातलं ८% व्याज धरून, हे बेनिफिटच्या भाषेत भांडवल, म्हणजे कॅपिटल. उत्पन्न नव्हे. त्यामुळे 'महिन्याला ३,६०८ कमावले' असं धरून बेनिफिट बंद होत नाही. बघतात ती एकूण बचत. इन्कम-रिलेटेड ईएसएचा नियम: ६,००० पौंडांपर्यंत काहीच परिणाम नाही. त्यावरच्या प्रत्येक २५० किंवा त्याच्या भागाला आठवड्याला १ पौंड उत्पन्न धरतात. १६,००० च्या वर गेलं तर बेनिफिट थांबतं.

मावशीचं गणित: ४,२०० + ३,६०८ = ७,८०८. सहा हजारांवर १,८०८. २५० चे सात पूर्ण तुकडे आणि आठवा अर्धवट, म्हणून आठवड्याला ८ पौंड कपात. एवढंच. बंद होण्याचा प्रश्न नाही.

हाउसिंग बेनिफिटचं असं की ईएसए इन्कम-रिलेटेड आहे तोवर तिचं भांडवल कौन्सिल वेगळं मोजत नाही. ईएसएचा एक पौंड जरी इन्कम-रिलेटेड म्हणून चालू असला तरी हाउसिंग बेनिफिट पूर्ण. म्हणून अवॉर्डचं (बेनिफिट मंजुरीचं) पत्र काढून बघा. सगळी रक्कम इन्कम-रिलेटेड आहे, की मूळ काँट्रिब्यूशन-बेस्ड (नोकरीत भरलेल्या नॅशनल इन्शुरन्सवर मिळणारी) आणि वर थोडी इन्कम-रिलेटेड भर? वरची भर आठवड्याला ५-६ पौंडच असेल तर ८ पौंडांच्या कपातीत ती पूर्ण उडेल, आणि मग हाउसिंग बेनिफिटचं कवचही जाईल. त्यानंतर नव्याने अर्ज करायला गेलं की युनिव्हर्सल क्रेडिटकडे (जुन्या बेनिफिट्सच्या जागी आलेलं एकत्रित बेनिफिट) बोट दाखवतात. हे पत्र वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. भर एवढीशीच निघाली तर पैसे यायच्या आधी सिटिझन्स ॲडव्हाइसमध्ये (मोफत सल्ला देणारी संस्था) बसून हिशोब करून घ्या.

पिपला बचतीशी देणंघेणं नाही. कौन्सिल टॅक्सच्या सवलतीची योजना प्रत्येक कौन्सिलची आपली, बचतीची मर्यादा सोळा हजारांपेक्षा बरीच कमी असू शकते, त्यामुळे ती कौन्सिलकडूनच लेखी विचारा.

इथे एक गैरसमज असतो. बेनिफिटची थकबाकी एकदम मिळाली तर ती ५२ आठवडे मोजत नाहीत. पीपीआयला तशी सवलत नाही, मिळाल्या दिवसापासून मोजतात. कळवायचंही लगेच: ईएसएच्या कार्यालयाला एक पत्र, कौन्सिलला वेगळं. एकाला सांगितलं म्हणजे दुसऱ्याला कळलं असं होत नाही. कळवलं नाही तर जास्तीची दिलेली रक्कम वसूल करतात आणि ५० पौंड दंड लावू शकतात. तुम्ही अपॉइंटी आहात, म्हणजे कळवण्याची जबाबदारी तुमच्यावरही येते.

पैसे खर्च करता येतात का? येतात, पण कशावर ते महत्त्वाचं. बेनिफिट वाढावं किंवा टिकावं म्हणून पैसे घालवले असं त्यांना वाटलं तर ते पैसे अजून तिच्याकडेच आहेत असं धरून कपात करतात. थकलेला कौन्सिल टॅक्स, भाडं, गॅस-विजेची बाकी फेडणं यावर सहसा आक्षेप येत नाही. मोडलेलं वॉशिंग मशीन, पाठीसाठी चांगली गादी यावरही नाही. समजा कौन्सिल टॅक्सची ६४० बाकी फेडली: ७,१६८ उरले, कपात ८ वरून ५ पौंडांवर. मशीन आणि गादी मिळून ७०० गेले: ६,४६८, कपात २ पौंड. पावत्या एका पाकिटात ठेवा.

आणि हे आपल्या घरांसाठी मुद्दाम. 'भाचीच्या लग्नाला सोन्याच्या बांगड्या केल्या', 'गावच्या घराच्या छपराला पाठवले' ही दोन कारणं डीडब्ल्यूपीला पटत नाहीत. घरातल्या जुन्या दागिन्यांना हात लावत नाहीत, पण बचत कमी करायला आत्ता घेतलेलं सोनं मोजतात. भारतात पाठवलेले पैसे म्हणजे देऊन टाकलेलं भांडवल. शिवाय गावच्या वडिलोपार्जित घराच्या उताऱ्यावर मावशीचं नाव असेल तर तिचा हिस्सा हेही भांडवलच, तो परताव्याच्या आधीच कळवलेला असायला हवा होता. हे कुणी विचारत नाही म्हणून सांगत नाहीत, आणि मग एका तपासणीत सगळं एकदम बाहेर येतं.

काकांच्या कार्डाचे पैसे आधी त्यांच्या इस्टेटीत जमा होतात. वारस मावशीच असेल तर शेवटी तिच्याच भांडवलात मिळतात. दोन्ही तक्रारी मंजूर झाल्या तर हिशोब वरच्या ७,८०८ वर थांबणार नाही, तो एकत्रच करून बघा.

---

पौंड_पेन्स | २२ मे २०१९

करातले ४०२ पौंड सोडू नका. कर फक्त ८% च्या व्याजावर कापतात, परत मिळालेल्या प्रीमियमवर नाही. इन्कम-रिलेटेड ईएसए करपात्र नाही, पिपही नाही, म्हणजे मावशीला दुसरं करपात्र उत्पन्न नाही. या वर्षीची (२०१९-२०) वैयक्तिक सूट १२,५०० पौंड, त्यामुळे तिच्यावर करच बसत नाही. एचएमआरसीचा (कर खात्याचा) आर४० फॉर्म भरायचा, तो कापलेला कर परत मागण्यासाठी असतो. व्याजाच्या भागात तीन आकडे: हातात आलेलं व्याज १,६०६, कापलेला कर ४०२, एकूण २,००८. बँकेच्या पत्रात हे सुटे करून दिलेले नसतील तर कर कापल्याचा दाखला मागा. बरेच जण हातात आलेली पूर्ण ३,६०८ ची रक्कम व्याज म्हणून लिहितात आणि फॉर्म परत येतो.

मागच्या चार करवर्षांपर्यंतचं मागता येतं, त्यामुळे कुणाला २०१६ मध्ये परतावा मिळाला असेल तर तोही अजून चालेल. हे ४०२ आले की तेही भांडवलात धरायचे, हे @बेनिफिट_वही सांगतीलच.

बँकेचं ऑफर लेटर आलं की सही करण्यापूर्वी दोन आकडे तपासा: परत दिलेला प्रीमियम २,००० च्या आसपास आहे की १,५००? दीड हजारच असेल तर त्यांनी प्रीमियमवरचं कर्जाचं व्याज गाळलंय. आणि ८% कुठल्या तारखेपर्यंत मोजलंय?

---

भाचा_लेस्टर | २५ मे २०१९

अवॉर्डचं पत्र बघितलं, सगळी रक्कम इन्कम-रिलेटेड आहे. ८ पौंडांचं गणित कागदावर मांडून दाखवल्यावर मावशीने सही केली. मावशीचा फॉर्म तयार आहे, काकांचा या आठवड्यात. काकांचा एखादा कागद कमी पडला तर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पाठवला तर चालेल ना?

---

पावती_जपून | २५ मे २०१९

नको. कागद कमी असला तरी तक्रार जाऊ द्या, राहिलेला नंतर पाठवता येतो. २९ ऑगस्ट गुरुवारी येतो, आणि त्याच आठवड्यातला सोमवार, २६ तारीख, बँक हॉलिडे. शेवटच्या दिवसांत टपाल, फोन आणि वेबसाइट तिन्ही तुंबणार. टपालाने पाठवत असाल तर 'साइन्ड फॉर' (पोचल्याची सही घेणारं टपाल) करा, पावतीचा फोटो काढा. दहा दिवसांत बँकेची पोच आणि रेफरन्स नंबर आला नाही तर फोन करा, 'पत्र मिळालं का' असं विचारू नका, 'तक्रार कोणत्या तारखेला नोंदवली' असं विचारा. दोन पाकिटांच्या दोन तारखा वेगळ्या लिहून घ्या.